विसरलेले पैसे परत कसे मिळवायचे: पेटीतल्या पासबुकापासून खात्यात रक्कम येईपर्यंत

मामा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मामी देवरुखहून आली ती एक कापडी पिशवी घेऊन. "यातलं काय ठेवायचं आणि काय बंबात घालायचं, तेवढं बघून सांग गं," म्हणाली. पिशवीत दोन पासबुकं होती, गंजलेल्या टाचणीने एकत्र लावलेल्या मुदतठेवीच्या दोन पावत्या, विम्याची एक पॉलिसी, गिरणीच्या काळातली प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी आणि एका कंपनीचं दहा शेअरांचं सर्टिफिकेट. या सात कागदांपैकी चार कागदांवर पैसे निघाले. पहिली रक्कम दोन महिन्यांत आली, शेवटचीला चौदा महिने लागले.

असे कागद घरोघरी पडून आहेत. ३१ मार्च २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. हे सगळे बँकांमधले, दहा वर्षं कुणी हात न लावलेले पैसे. विमा, शेअर, प्रॉव्हिडंट फंड आणि पोस्ट यांचा हिशेब वेगळाच.

गेल्या काही वर्षांत शोधायची सोय खूप सुधारली आहे. पण मामीच्या पिशवीवरून मला एक गोष्ट पक्की कळली. संगणकावर शोधणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. माणसं अडतात ती नावावर आणि जुन्या कागदांवर. म्हणून सुरुवात घरातल्या पेटीपासून करा.

आधी घर धुंडाळा

एक दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक कागदाला एक पान द्या. पानाच्या डोक्यावर बँकेचं किंवा कंपनीचं नाव, खाली खाते क्रमांक, शाखा, तारीख आणि कागदावर जसं छापलंय तसंच नाव लिहा. पुढचे सगळे फोन, अर्ज, पोचपावत्या त्याच पानावर. तीन कचेऱ्यांशी एकाच वेळी पत्रव्यवहार सुरू झाला की हीच वही तुमचा घोळ वाचवते.

सगळ्यात जास्त माहिती पासबुकात असते, पण बहुतेक लोक फक्त शेवटची शिल्लक बघून ते मिटतात. ओळ न् ओळ वाचा. वर्षातून एकदा थोडीशी रक्कम एखाद्या कंपनीच्या नावाने जमा होत असेल तर तो लाभांश आहे, म्हणजे कुठेतरी शेअर आहेत. दर तीन किंवा सहा महिन्यांनी ठरावीक रक्कम वजा होत असेल तर तो विम्याचा हप्ता असू शकतो.

मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर तिथे लाल पेनने खूण करा. ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे असतात. २०२२च्या जूनपूर्वी हीच रक्कम ३३० होती. शेवटचा हप्ता गेल्यावर त्याच वर्षात माणूस गेला असेल तर नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात. पूर्वी १२ आणि आता २० रुपये वजा होतात ते अपघात विम्याचे. मृत्यू अपघाती असेल तर त्याचेही २ लाख. कितीतरी घरांत हा विमा होता हेच माहीत नसतं, कारण पॉलिसी म्हणून हातात कागद आलेलाच नसतो. याचा दावा ज्या शाखेतून हप्ता गेला तिथेच करायचा आणि दिरंगाई करायची नाही.

पासबुकं झाली की जुनी आयकर विवरणपत्रं, नोकरीचे फॉर्म १६, घरी आलेली लाभांशाची पाकिटं आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला खरडलेले नंबरही बघा. मामा मुदतठेवीच्या तारखा कॅलेंडरवर लिहायचे आणि वर्ष संपलं की तेवढंच पान फाडून जपून ठेवायचे. मामीला ते माहीत होतं, पण ते कशाला ठेवतात हे तिने कधी विचारलं नव्हतं.

नाव किती प्रकारे लिहिलं गेलंय ते शोधा

ही पायरी वगळली की पुढचं सगळं फुकट जातं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव पाच कागदांवर पाच प्रकारे असतं. गिरणीच्या हजेरीपटावर नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आडनावच नाही. बँकेत आडनाव आधी. आधारवर आडनाव शेवटी. विम्यात दोन आद्याक्षरं आणि आडनाव. मामाचं नाव दत्तात्रय. इंग्रजीत कुठे शेवटी 'वाय' होता, कुठे 'वाय'नंतर एक जादा 'ए', आणि एका पावतीवर कारकुनाने मधला एक 'टी'च खाल्ला होता.

बायकांच्या बाबतीत तर दोन नावं धरूनच चालावं लागतं. लग्नाआधी नोकरी केली असेल किंवा वडिलांनी मुलीच्या नावाने पैसे ठेवले असतील तर ते माहेरच्या नावावर असणार. आईच्या, सासूच्या नावाने शोधताना माहेरचं पूर्ण नाव आणि माहेरचा पत्ता आधी विचारून घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर नावाचे असे सगळे प्रकार मराठीत आणि इंग्रजीत लिहा. खाली जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि सगळे जुने पत्ते. चाळीचा खोली नंबरसुद्धा लिहा. पॅन, आधार यायच्या आधीच्या काळात उघडलेल्या खात्याला ओळखीची खूण म्हणून नाव आणि पत्ता एवढंच असतं.

नावात फरक आहे म्हणून लगेच नोटरीकडे धाव घेऊ नका. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं खरं, पण प्रत्येक बँकेचा आणि कंपनीचा मजकूर ठरलेला असतो. आधी त्यांच्याकडून नमुना घ्या. आम्ही घाईने करून घेतलेलं पहिलं प्रतिज्ञापत्र एकाही ठिकाणी चाललं नाही.

बँकेतले पैसे: उद्गम पोर्टल आणि त्याच्या मर्यादा

खात्यात दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या त्या निधीत जाते. लोक इथे घाबरतात, "सरकारजमा झालं" म्हणतात. तसं नाही. मागणी कधीही करता येते, तिला मुदत नाही. आणि मागायची ती रिझर्व्ह बँकेकडे नाही, आपल्याच बँकेकडे. बँक तुम्हाला पैसे देते आणि मग ती निधीतून वसूल करते. "पैसे वर गेलेत, आमच्या हातात नाही" असं कुणी खिडकीवर म्हणालं तर ते चूक आहे.

शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल १७ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालं. सुरुवातीला ७ बँका होत्या, मार्च २०२४पर्यंत ३० झाल्या आणि दावा न झालेल्या ठेवींपैकी सुमारे ९० टक्के रक्कम त्यांच्याकडची आहे. वापरायची रीत अशी: आपल्या मोबाइल क्रमांकावर नोंदणी करायची, ओटीपी टाकून आत जायचं, वैयक्तिक खातं हा पर्याय घ्यायचा, खातेदाराचं नाव लिहायचं आणि बँकांच्या यादीत सगळ्या बँका निवडायच्या. मग पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी निदान एक माहिती द्यायची. यातलं काहीच नसेल तर पत्त्यावरूनही शोधता येतं.

इथे तुमची वही उघडा आणि नावाच्या प्रत्येक प्रकाराने वेगळा शोध घ्या. एकदा "काही सापडलं नाही" आलं म्हणून थांबू नका. मामाचं खातं चौथ्या प्रयत्नाला सापडलं. पॅन टाकून दिसलंच नाही, जन्मतारीख टाकून दिसलं नाही, शेवटी लालबागचा पत्ता टाकल्यावर दिसलं. ते खातं उघडलं तेव्हा मामांकडे पॅन नव्हतंच, तर बँकेकडे तरी कुठून असणार!

सापडलं की यूडीआरएन नावाचा एक क्रमांक दिसतो. तो उतरवून घ्या, पान छापून घ्या. पोर्टलचं काम इथे संपतं. पैसे मागायला शाखेतच जायचं असतं.

उद्गमवर फक्त निधीत गेलेल्या, म्हणजे दहा वर्षं उलटून गेलेल्या रकमा दिसतात. खातं तीन किंवा सात वर्षं बंद पडलेलं असेल तर ते तिथे सापडणारच नाही. पोर्टलवर नाही म्हणजे बँकेत नाही असं समजून पासबुक फेकून दिलेली माणसं मला माहीत आहेत. पासबुक हातात असेल तर पोर्टलवर काहीही दिसो, शाखेत जाऊन विचाराच.

बँकच उरली नसेल तर?

पासबुकावरच्या नावाची पाटी आता गावात कुठेच दिसत नाही, अशी वेळ महाराष्ट्रात फार जणांवर येते. पण बँक विलीन झाली की तिच्या ठेवी नव्या बँकेकडे जातात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. कुरुंदवाडची गणेश बँक त्याच वर्षी फेडरल बँकेत गेली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. मराठवाड्यात ज्यांचं खातं स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होतं त्यांनी एप्रिल २०१७ नंतर स्टेट बँकेत विचारायचं. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनलमध्ये. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहे.

विलीनीकरणात खाते क्रमांक बदललेला असतो. म्हणून जुन्या पासबुकाची मूळ प्रत दाखवा, आपल्याकडे झेरॉक्स ठेवा आणि मूळ कागद पोच घेतल्याशिवाय कुणाकडेही सोडू नका. आम्ही गेलो त्या शाखेतल्या तरुण कारकुनाने संगणकावर जुना क्रमांक टाकला आणि "असं खातं नाही" म्हणून मान हलवली. शेजारच्या टेबलावरच्या, निवृत्तीला आलेल्या बाईंनी पासबुक हातात घेतलं, पहिल्या पानावर कोपऱ्यात शाईने लिहिलेला लेजर फोलिओ, म्हणजे जुन्या खातेवहीचा पान क्रमांक, बघितला आणि मागच्या खोलीत गेल्या. वीस मिनिटांनी एका चिठ्ठीवर नवा क्रमांक लिहून आणला. जुन्या खात्याच्या कामाला जाताना शक्यतो महिन्याची पहिली तारीख आणि सोमवार टाळा आणि जुन्या नोंदी माहीत असलेलं कुणी आहे का ते विचारा. याने खरंच फरक पडतो.

स्वतःचंच खातं असेल तर काम सोपं आहे. केवायसीचे कागद, फोटो आणि अर्ज दिला की खातं चालू होतं, आणि जून २०२५ पासून केवायसी बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येते. खातं पुन्हा चालू करायला शुल्क नाही, निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे हे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. बचत खात्यावरचं व्याजही बुडत नाही. निधीत गेलेल्या, व्याज मिळणाऱ्या ठेवींवर ११ मे २०२१ पासून ३ टक्के सरळ व्याज मिळतं. मुदत संपून पडून राहिलेल्या मुदतठेवीवर मात्र जुना चढा दर मिळत नाही. जुलै २०२१च्या नियमानुसार बचत खात्याचा दर आणि ठेवीचा ठरलेला दर यांतला जो कमी तो मिळतो. म्हणून पावती सापडली की पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

सहकारी बँकांपैकी बऱ्याच उद्गमवर नाहीत. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर यादी असते, नसेल तर मुख्य कार्यालयात लेखी अर्ज द्या. पतसंस्था ही बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचे नियम लागत नाहीत, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. संस्था बंद पडली असेल तर तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे अवसायक, म्हणजे बंद संस्थेची देणीघेणी मिटवणारा अधिकारी, कोण नेमला आहे ते विचारा आणि दावा त्याच्याकडे लावा.

खातेदार हयात नसेल तर

बहुतेकांचं प्रकरण असंच असतं, म्हणून इथे जरा थांबते.

मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा प्रती एकाच वेळी ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून काढून घ्या. दाखल्यावरचं नाव नीट वाचा. तिथे चूक असेल तर पुढचा प्रत्येक कागद अडेल, आणि दुरुस्ती सुरुवातीलाच केलेली बरी.

मग नॉमिनी आहे का ते बघा. जुन्या पासबुकात "नॉमिनेशन रजिस्टर्ड" असा शिक्का आणि क्रमांक असतो. नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, बँक त्याला कोर्टाचा दाखला मागू शकत नाही. मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळख आणि दाव्याचा अर्ज पुरतो. मात्र नॉमिनी हा मालक नसतो. तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो आणि वारसांचा हक्क तसाच राहतो. भावाबहिणींत यावरून मनं दुखावतात, म्हणून नॉमिनी असलेल्याने आधीच सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं.

नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांची नावं, त्यांच्यापैकी एकाला पैसे द्यायला इतरांची लेखी संमती, क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे दुसरा हक्कदार निघाला तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी) आणि वारसांची खातरजमा करणारं प्रतिज्ञापत्र किंवा दाखला लागतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये याची रीत सगळ्या बँकांना सारखी करून दिली आहे. मृत्युपत्र किंवा तंटा नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागत नाही. सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत निकाली काढायचं बंधन आहे. हे बँकांनी ३१ मार्च २०२६पर्यंत लागू करायचं होतं. शाखेत जुन्या पद्धतीने बोलत असतील तर या नियमाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा.

आपल्याकडे एक गोंधळ कायम होतो. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर केलेली वारस नोंद जमिनीपुरती असते. ती दाखवून मोठ्या रकमेचे शेअर किंवा मोठी ठेव मिळत नाही. तिथे दिवाणी कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. कोर्टात जायचंच ठरलं तर सगळ्या ठेवी, शेअर आणि येणी एकाच अर्जात घाला. एक रक्कम राहून गेली तर तिच्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणूनच आधी सगळीकडे शोध पूर्ण करा, मग वकील गाठा.

एखादा वारस पुण्यात, एक गोव्यात आणि एक परदेशात असतो. परदेशातल्या माणसाने सही कुणासमोर करायची, तिथल्या नोटरीसमोर की भारतीय दूतावासात, हे शाखेकडून लेखी घेऊन मगच कागद पाठवा. नाहीतर तेच पाकीट दोनदा समुद्रापलीकडे जातं.

विमा: बंद पडलेली पॉलिसी म्हणजे शून्य नव्हे

मामीला वाटत होतं की मामांनी हप्ते भरणं सोडलं, तेव्हा पॉलिसी बुडाली. मामांनी सहा वर्षं हप्ते भरले होते. पारंपरिक आयुर्विमा पॉलिसीत ठरावीक वर्षं, जुन्या पॉलिसींत साधारणपणे तीन, पूर्ण हप्ते भरले असतील तर ती 'पेड-अप' होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी रकमेची होऊन जिवंत राहते. ती रक्कम मुदतीनंतर किंवा मृत्यूनंतर मिळते. म्हणून "लॅप्स झाली" हा शब्द ऐकून कागद फाडू नका. ज्या शाखेतून पॉलिसी घेतली तिथे जाऊन तिची सद्यस्थिती लेखी मागा.

दावा न झालेल्या १,००० रुपयांवरच्या रकमा विमा कंपन्यांना संकेतस्थळावर शोधता येतील अशा ठेवाव्या लागतात. एलआयसीच्या संकेतस्थळावरही पॉलिसी क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि पॅन यांवरून शोध होतो. विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरून सगळ्या कंपन्यांच्या या पानांकडे जाता येतं.

बँकेपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. दहा वर्षं पडून राहिलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तिथून २५ वर्षांपर्यंतच मागता येते. बँकेच्या पैशाला मुदत नाही, विम्याच्या पैशाला आहे.

प्रॉव्हिडंट फंड

गिरणीची ती चिठ्ठी बघून माझी सगळ्यात जास्त आशा तिच्यावरच होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि माणसं कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला परतली. त्यातल्या अनेकांनी फंडाचं काय झालं ते पुढे कधी विचारलंच नसेल, असं मला वाटत होतं. मामांनी मात्र विचारलं होतं. पैसे तेव्हाच काढून लेकीच्या लग्नाला लावले होते. चौकशीला गेल्यावर कळलं, आणि मामी बराच वेळ काही बोलली नाही.

तुमच्याकडे चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा पूर्ण क्रमांक उतरवा. महाराष्ट्रातल्या जुन्या क्रमांकांची सुरुवात 'एमएच' आणि कार्यालयाच्या संक्षेपाने होते. वांद्र्याचा असेल तर 'बान'. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा फंडाचा क्रमांक, आला. त्यानंतर नोकरी केलेल्यांना सगळी खाती एका क्रमांकाखाली आणता येतात. त्याआधीच्यांना कार्यालयात जावं लागतं. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' हे शिबिर असतं, तिथे जुन्या खात्यांचे प्रश्न मांडता येतात. कंपनी बंद झाली असेल तर मालकाच्या सहीऐवजी बँक व्यवस्थापक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते.

नोकरीत असताना माणूस गेला असेल तर तीन वेगळ्या गोष्टी मागायच्या असतात आणि बहुतेक कुटुंबं एकच मागतात. फंडाची शिल्लक फॉर्म २० भरून, ठेवसंलग्न विमा फॉर्म ५-आयएफ भरून (कमाल ७ लाख रुपये), आणि विधवेचं किंवा विधुराचं निवृत्तिवेतन फॉर्म १०-डी भरून. तिन्ही मागा.

शेअर: सगळ्यात वेळखाऊ, पण सोडू नका

सात वर्षं लाभांश घेतला गेला नाही की लाभांश आणि त्यावरचे शेअर, दोन्ही कंपनीला गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे द्यावे लागतात. हे प्राधिकरण सप्टेंबर २०१६ मध्ये स्थापन झालं.

सर्टिफिकेट जुनं दिसलं म्हणून किंमत कमी धरू नका. दहा शेअरांवर दोनदा एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट) मिळाला तर चाळीस होतात. मग दहा रुपयांच्या शेअरचं एक रुपयात विभाजन झालं तर चारशे. कंपनीचं नाव बदललेलं असू शकतं. टेल्कोची टाटा मोटर्स २००३ मध्ये झाली, हिंदुस्थान लिव्हरची हिंदुस्थान युनिलिव्हर २००७ मध्ये.

क्रम असा ठेवा. कंपनीचं आजचं नाव शोधा. तिच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर रजिस्ट्रारचं, म्हणजे शेअरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचं, नाव मिळतं. त्याला सर्टिफिकेटवरचा फोलिओ क्रमांक देऊन शेअर आयईपीएफकडे गेलेत का ते ईमेलने विचारा. गेले नसतील तर आयएसआर-१ आणि आयएसआर-२ हे अर्ज भरून केवायसी करा आणि शेअर डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात, करून घ्या. धारक हयात नसेल तर आयएसआर-५ भरून शेअर वारसाच्या नावे करून (याला पारेषण म्हणतात) मागायचे. कागदी शेअर एका कंपनीत ५ लाखांपर्यंतचे असतील तर ते सोप्या कागदांवर होतं.

शेअर निधीकडे गेले असतील तर आधी कंपनीकडून हक्कपत्र घ्या. त्यात तुम्हाला किती शेअर आणि किती लाभांश येणं आहे ते असतं. मग डिमॅट खातं उघडून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-५ हा अर्ज भरायचा. त्याला शुल्क नाही. भरलेला अर्ज, पोचपावती, क्षतिपूर्ती बंधपत्र, आधार, रद्द केलेला धनादेश, डिमॅटची क्लायंट मास्टर यादी (खात्याचा तपशील असलेला कागद) आणि मूळ सर्टिफिकेट एका पाकिटात घालून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या माणसाकडे) स्पीड पोस्टने पाठवायचं. कंपनी पडताळणी करून प्राधिकरणाला कळवते, त्यानंतर शेअर डिमॅट खात्यात आणि लाभांश बँकेत येतो. आमचं पाकीट एकदा परत आलं होतं, सहीच्या फरकामुळे. पॅनवरची सही, डिमॅटवरची सही आणि अर्जावरची सही मिळतीजुळती हवी. मामीने पॅनवर मराठीत सही केली होती आणि अर्जावर इंग्रजीत. एवढ्याशा फरकात तीन महिने गेले.

म्युच्युअल फंडांसाठी २०२५ पासून 'मित्र' ही सेवा आहे. कॅम्स आणि केफिनटेक या दोन्ही रजिस्ट्रारांकडची दहा वर्षं हालचाल नसलेली खाती तिथे पॅन आणि नावावरून शोधता येतात. पोस्टातल्या बचतपत्रांसाठी मूळ पत्र घेऊन पोस्टातच जा. मुदत संपून तीन वर्षं झाली की टपाल खातं ती गोठवतं, पण अर्ज आणि केवायसी दिल्यावर रक्कम मिळते.

पैसे मिळवण्यासाठी पैसे मागणारे

शोध सुरू केला की फोन येऊ लागतात. "तुमच्या वडिलांच्या नावावर अमुक लाख आहेत, फाइल पुढे सरकवायला शुल्क भरा." उद्गम, मित्र, आयईपीएफ, विम्याची पानं, यांपैकी कुठेही शुल्क नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, शोधण्यासाठी स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप उतरवायचं नाही. शेअरच्या कामात खरी मदत करणारे सल्लागारही आहेत. कोर्टाचं आणि हरवलेल्या सर्टिफिकेटचं काम असेल तर जरूर घ्या, पण कामाचा ठरावीक मोबदला ठरवा. मिळणाऱ्या शेअरांतला हिस्सा लिहून देऊ नका आणि मूळ कागद त्यांच्या कपाटात ठेवू नका.

पाठपुरावा

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर तारखेसह शिक्का घ्या. शाखेत शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहितीही मिळते. विम्यासाठी १५५२५५, शेअरसाठी शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचं 'स्कोअर्स' हे तक्रारीचं पोर्टल.

४ ऑक्टोबर २०२५ला गांधीनगरहून 'आपकी पूँजी, आपका अधिकार' ही मोहीम सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं झाली. ती चुकली म्हणून काही बिघडत नाही. तिथे जे अर्ज घेत होते तेच शाखेत आजही घेतात.

काम चालू असतानाच स्वतःच्या खात्यांवर नॉमिनी टाकून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. मामीने आपल्या खात्यावर दोन्ही लेकींची नावं निम्मी निम्मी घातली. वही आता तिच्याकडेच असते. परवा फोनवर सांगत होती, शेजारच्या काकूंनाही त्यांच्या माहेरच्या नावाने उद्गमवर बघायचंय, तर पत्ता कुठला टाकायचा, संगमेश्वरचा की गिरगावचा. मी म्हटलं, दोन्ही टाकून बघ.